बायपास, बिबट्या आणि बेचाळीस : ‘हिचहायकर्स गाइड’ खान्देशात वाचताना

आर्थर डेंट हा साधासुधा माणूस. सकाळी उठून दात घासता घासता त्याला खिडकीबाहेर बुलडोझर दिसतो. त्याच्या घरावरून बायपास जाणार असतो आणि ही बातमी त्याला आदल्याच दिवशी कळलेली असते. अंगावरच्या झग्यानिशी, पायातल्या सपातांनिशी तो बाहेर जातो आणि चिखलात बुलडोझरपुढे आडवा होतो. डग्लस ॲडम्स यांची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ ही कादंबरी इथून सुरू होते. लंडनच्या पॅन बुक्सने ती ऑक्टोबर १९७९मध्ये काढली.

खान्देशात हे पहिलं प्रकरण कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. सुरत-नागपूर महामार्गाचं चौपदरीकरण, गावाबाहेरून काढलेले बायपास, सातबाऱ्यावर पडलेले शिक्के, मोबदल्याच्या फायली हे सगळं इथल्या घराघरांत बोललं गेलंय. त्यामुळे परग्रहवासीयांची विनोदी कादंबरी म्हणून हातात घेतलेलं पुस्तक पहिल्या पाच पानांतच आपल्या तालुक्याचं वाटायला लागतं. वाचकांची पहिली प्रतिक्रिया बहुतेक वेळा अशीच येते : हा माणूस इंग्लंडमधला, पण याला प्रांताच्या ऑफिसात किती हेलपाटे घालावे लागतात ते पक्कं ठाऊक आहे.

दुसरी प्रतिक्रिया मात्र तक्रारीची असते. तिसऱ्या प्रकरणापर्यंत हसून हसून वाचलेलं पुस्तक चौथ्या प्रकरणात अडतं आणि मग उशाशी पडून राहतं. दोन्ही प्रतिक्रिया खऱ्या आहेत, आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. हे पुस्तक डोळ्यांसाठी लिहिलेलंच नाही. ८ मार्च १९७८ रोजी बीबीसीच्या रेडिओ ४वर त्याची श्रुतिका सुरू झाली आणि कादंबरी त्या श्रुतिकेतून उतरली. ज्यांनी जळगाव आकाशवाणीवर श्रुतिका ऐकल्या आहेत त्यांना हा फरक लगेच कळेल. श्रुतिकेत दृश्य बदलताना आवाज बदलतो. छापील पानावर फक्त प्रकरणाचा आकडा बदलतो. म्हणून हे पुस्तक एकट्याने मनात न वाचता चार-सहा जणांत मोठ्याने वाचावं, जिथे अडेल तिथे मराठीत सांगत पुढे जावं, असंच आम्ही म्हणू. पुढचं सगळं त्या वाचनाबद्दल आहे.

पहिल्या प्रकरणातला नगरपालिकेच्या माणसाशी होणारा संवाद आधी घ्या. तो म्हणतो, आराखडा नऊ महिने जाहीर होता. आर्थर म्हणतो, हो, पण बघायला तळघरात जावं लागलं. तिथे दिवे नव्हते. जिनाही नव्हता. आराखडा होता एका कुलूपबंद कपाटाच्या तळाशी, कपाट होतं वापरात नसलेल्या संडासात, आणि संडासाच्या दारावर पाटी होती : ‘बिबट्यापासून सावध राहा’. हा भाग वाचताना वाचणाऱ्याने अजिबात हसायचं नाही. तलाठी कार्यालयात ‘साहेब मिटिंगला गेले’ ज्या सुरात ऐकायला मिळतं त्या सुरात दिवे, जिना, कपाट, संडास असं एकेक सांगायचं आणि प्रत्येक शब्दानंतर एक श्वास थांबायचं. घाई केली तर चारही गोष्टी एकत्र ऐकू येतात आणि ‘अवघड जागी ठेवला होता’ एवढाच अर्थ पोहोचतो.

पण शेवटच्या पाटीवर आपल्याकडे हमखास घोटाळा होतो. लंडनच्या वाचकाला बिबट्या म्हणजे अशक्य गोष्ट. चाळीसगाव तालुक्यातल्या, गौताळ्याच्या किंवा यावल अभयारण्याच्या कडेच्या वाचकाला बिबट्याची पाटी म्हणजे वनखात्याची रोजची पाटी. तो गंभीर होतो. उसाच्या फडात, केळीच्या बागेत रात्री पाणी धरायला जाणाऱ्याला त्या वाक्यावर हसू येत नाही, आणि येऊही नये. मग काय करायचं? काही जण तिथे सिंह घालतात. ते चालतं, पण फार ओरडून सांगितल्यासारखं होतं. बिबट्याच ठेवावा, आणि क्रम तेवढा उलटा करावा : आधी पाटी सांगायची, मग पाटी कुठल्या दारावर आहे ते सांगायचं. ‘दारावर पाटी, बिबट्यापासून सावध. दार कशाचं? नगरपालिकेच्या बंद संडासाचं.’ विनोद पुन्हा जागेवर येतो.

याच विनोदाची दुसरी आवृत्ती तिसऱ्या प्रकरणात येते. व्होगॉन नावाच्या परग्रहवासीयांची जहाजं आकाशात येऊन थांबतात आणि जाहीर करतात की अवकाशातल्या जलदमार्गासाठी पृथ्वी पाडायची आहे. आराखडा ५० वर्षं अल्फा सेंटॉरीच्या नियोजन कार्यालयात लावलेला होता, तुम्ही हरकत का घेतली नाही? अल्फा सेंटॉरी म्हणजे आपल्या मराठी तारकानकाशांतला ‘मित्र’. तो सुमारे ४.३७ प्रकाशवर्षं दूर आहे. प्रकाशाच्या वेगाने हरकत पाठवली तर जायला सव्वाचार वर्षांहून जास्त, उत्तर यायला तितकीच. म्हणजे एक फेरी पावणेनऊ वर्षांची, आणि ५० वर्षांत पाच फेऱ्या आरामात बसतात. हा हिशेब वाचनात सांगून बघा. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ प्रमाणे कलम ३ए खाली अधिसूचना निघते, तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं, आणि कलम ३सी प्रमाणे हरकतीला २१ दिवस मिळतात. पेपरातली ती बारीक टायपातली नोटीस ज्याने एकविसाव्या दिवसानंतर पाहिली असेल त्याला व्होगॉन म्हणजे कोण हे वेगळं सांगायला नको. व्होगॉन क्रूर नाहीत, ते नियमाने चालणारे आहेत. त्यांच्या तोंडी आरडाओरडा घालणारा वाचक चूक करतो. तो आवाज कंटाळलेलाच हवा.

आता जहाजांच्या वर्णनातलं एक वाक्य, कारण मराठीत हे पुस्तक सांगताना सगळ्यात मोठी अडचण तिथे दिसते. ॲडम्स त्या जहाजांची तुलना विटांशी करतो, पण उलटी : विटा जशा तरंगू शकत नाहीत तशी ती तरंगत होती. इंग्रजीत नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो आणि हसू तिथेच फुटतं. मराठीत सरळ सांगायला गेलं की ‘विटा ज्या पद्धतीने आकाशात तरंगत नाहीत, नेमक्या त्याच पद्धतीने ती जहाजं आकाशात तरंगत होती’ असं होतं. विनोद अर्ध्यातच संपतो आणि उरलेलं वाक्य नुसतं ओढत न्यावं लागतं. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि जोडवाक्यात ‘जसा’ आधी, ‘तसा’ नंतर, त्यामुळे हे घडतं. उपाय म्हणजे वाक्य मोडायचं. ‘जहाजं आकाशात लटकली होती. विटा लटकत नाहीत ना? तशी.’ बोलीत हे सहज बसतं, अहिराणीत आणि लेवा गणबोलीत तर त्याहून सहज, कारण तिथे वाक्य मोडून सांगायची सवयच आहे. ॲडम्सचे बहुतेक विनोद या एकाच जातीचे आहेत : लांब, शांत वाक्य आणि शेवटच्या दोन शब्दांत कलाटणी. प्रत्येक ठिकाणी कलाटणीचा शब्द कुठला ते आधी पेन्सिलीने खूण करून ठेवावं आणि मराठीत तो शेवटी कसा पडेल ते बघून मगच वाचायला बसावं. ही तयारी नसेल तर इंग्रजी चांगलं असलेला माणूसही अडखळतो.

चौथं प्रकरण. इथे आर्थर नाही, त्याचा परग्रहावरून आलेला मित्र फोर्ड नाही, व्होगॉन नाहीत. एकदम दूरच्या ग्रहावर झेफॉड बीबलब्रॉक्स नावाचा दोन डोक्यांचा, तीन हातांचा आकाशगंगेचा अध्यक्ष नव्या जहाजाच्या उद्घाटनाला जातो आणि ते जहाजच पळवतो. वाचकांची सगळ्यात जास्त तक्रार या प्रकरणाबद्दल असते आणि ती रास्त आहे. नावं अनोळखी, जागा अनोळखी, आणि आधीच्या पानावर पृथ्वी गेलेली असते, त्याचं पुढे काय झालं ते कळायची ओढ लागलेली असते. हे प्रकरण उचलून सातव्यानंतर वाचायचा मोह होतो. तसं करू नये. आठव्याच्या सुरुवातीला आर्थर आणि फोर्ड उघड्या अवकाशात फेकलेले असतात, तीस सेकंद तग धरता येईल एवढाच श्वास, आणि एकोणतिसाव्या सेकंदाला एक जहाज त्यांना उचलतं. त्याच्या लगेच आधी झेफॉडच्या जहाजाची माहिती आली की सुटका आधीच कळून जाते. चौथं प्रकरण जागेवरच ठेवा, पण त्याच्या आधी पाणी-चहाची सुट्टी घ्या आणि परत बसल्यावर दोन वाक्यांत सांगा : आता माणसं वेगळी, जागा वेगळी, थोड्या वेळाने दोन्ही धागे जुळणार आहेत. श्रुतिकेत जे काम संगीत करतं ते इथे ही सुट्टी करते.

तिसऱ्याच प्रकरणात टॉवेलचा उतारा आहे आणि आपल्याकडे त्याला मिळणारी दाद दुसरीकडे कुठे मिळत असेल असं वाटत नाही. लिफ्ट मागत आकाशगंगा फिरणाऱ्याजवळ एक टॉवेल असलाच पाहिजे, असं कादंबरीतल्या पात्रांकडचं ‘गाइड’ हे मार्गदर्शक पुस्तक सांगतं. तो पांघरता येतो, अंथरता येतो, ओला करून हत्यारासारखा वापरता येतो, विषारी वाफ आली तर तोंडाभोवती गुंडाळता येतो, संकटात हलवून खूण करता येते. इथे ‘टॉवेल’ म्हणू नका, ‘रुमाल’ म्हणा. भुसावळच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की ओला रुमाल डोक्याला आणि कानांना गुंडाळल्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही. त्याच रुमालात भाकरी बांधली जाते, तोच झाडाखाली अंथरला जातो. आणि ॲडम्सचा सगळ्यात बारीक मुद्दा, की टॉवेल जवळ दिसला की लोक धरून चालतात याच्याकडे बाकीचंही सगळं सामान असणार आणि मागेल ते देतात, तो तर एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. रुमाल पडला म्हणजे माणूस बसला. कापडाची किंमत नाही, त्याच्यामागच्या समजुतीची आहे.

ॲडम्स ११ मे २००१ला गेले, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. त्याच महिन्यात, २५ मे रोजी, चाहत्यांनी खांद्यावर टॉवेल टाकून त्यांची आठवण काढली आणि तेव्हापासून तो दिवस दरवर्षी पाळला जातो. आपल्याकडे सूर्य रोहिणीत जातो तो याच सुमाराला आणि नवतपा लागतो. खान्देशात त्या दिवशी खांद्यावर रुमाल असतोच. वाचनाला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही, फक्त बैठक उन्हं उतरल्यावर ठेवावी. जून उजाडून मृग लागला की कापसाच्या पेरणीत माणूस सापडत नाही. फोर्ड ज्या ताऱ्याजवळून आलेला आहे तो बीटलज्यूस म्हणजे मृगातला लालसर काक्षी, हेही सांगून ठेवा. थंडीत पुन्हा बैठक केली तर गच्चीवरून बोट दाखवून ‘हा तिथला’ असं सांगता येतं, आणि मुलं त्यानंतर फोर्डला विसरत नाहीत.

फोर्डच्या नावातला विनोद मात्र समजावल्याशिवाय पोहोचत नाही. ‘फोर्ड प्रीफेक्ट’ ही इंग्लंडमध्ये एके काळी रस्तोरस्ती दिसणारी मोटार. पृथ्वीवर कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून त्याने ते नाव घेतलं. ‘एखाद्या परग्रहवासीयाने अँबेसेडर पाटील असं नाव लावलं तर?’ एवढं एक वाक्य पुरतं. दारूचा प्रसंगही असाच. पृथ्वी संपायला काही मिनिटं असताना फोर्ड आर्थरला गुत्त्यात नेऊन बिअर पाजतो आणि शेंगदाणे घेतो. पुढे कळतं की किरणाने दुसऱ्या जहाजात ओढलं जाताना शरीरातलं मीठ आणि प्रथिनं कमी होतात, त्यासाठी शेंगदाणे. घरात मुलाबाळांत वाचताना काही जण बिअर गाळतात. हरकत नाही, पण शेंगदाणे गाळू नका, पाचव्या प्रकरणात त्यांचा हिशेब लागतो. प्रास्ताविकातला डिजिटल घड्याळांचा टोमणा १९७९चा आहे, तो आज विरला. सोडून द्यावा.

सहाव्या प्रकरणातला बेबल मासा कानात घातला की कुठलीही भाषा कळते. नंदुरबारकडच्या शिक्षकांना हा उतारा विशेष भिडतो. पहिलीच्या वर्गात पावरी किंवा भिली बोलणारं मूल, पुस्तक प्रमाण मराठीत, आणि बाजारात अहिराणी, गुजराती, हिंदी. असा मासा मिळाला तर किती बरं, असं वाटत असतानाच ॲडम्स थोडं पुढे सांगतो की सगळ्यांना सगळ्यांचं कळायला लागल्यावर लढाया वाढल्या. इथे हसण्याऐवजी वाद सुरू होतो. होऊ द्यावा. पुस्तकाच्या सर्वांत चांगल्या जागांपैकी ही एक आहे आणि वाचन दहा मिनिटं थांबलं तरी नुकसान नाही.

व्होगॉनांच्या कविता सातव्या प्रकरणात येतात. त्या भयंकर आहेत एवढं कळलं की झालं. भाषांतर करायला जाऊ नका, मूळ शब्द निरर्थकच आहेत. ते जसेच्या तसे गंभीरपणे वाचावेत. बहिणाबाई आणि बालकवींच्या मुलखात वाईट कविता ओळखायला मदत लागत नाही.

मार्विनबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. ग्रहाएवढा मेंदू असलेला हा यंत्रमानव कायम खचलेला असतो, कारण त्याला दारं उघडायला आणि पाहुण्यांना आणायला पाठवतात. इंग्रजी वाचक त्याच्या रडगाण्याला हसतो. आपल्याकडचे तरुण वाचक तिथे गप्प होतात. नेट-सेट होऊन, पीएच.डी. होऊन तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारी मुलं-मुली प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत, आणि मार्विनचं दुखणं त्यांच्या ओळखीचं आहे. त्यांना हे पात्र आवडतं, पण विनोदी म्हणून नव्हे. म्हणून मार्विनचा आवाज रडका काढू नये. सपाट, थकलेला, तक्रार करायचीही ताकद न उरलेला आवाज काढला तर दोन्ही वाचकांना न्याय मिळतो, आणि हसू आलंच तर ते त्याच्यावर न येता त्याला दारं उघडायला लावणाऱ्यांवर येतं.

आणि बेचाळीस. पंचविसाव्या प्रकरणापासून डीप थॉट या संगणकाची कथा येते. जीवन, विश्व आणि सगळ्याचं अंतिम उत्तर काढायला तो पंचाहत्तर लाख वर्षं घेतो आणि सांगतो : बेचाळीस. ॲडम्सने स्वतः सांगितलं होतं की एक साधा, लहान, कसलाही अर्थ न चिकटलेला आकडा म्हणून तो निवडला. पण आपल्याकडे त्याला अर्थ चिकटलेला आहे. ‘बेचाळीस’ म्हटलं की जुन्या माणसांना चले जाव आठवतं, आणि नंदुरबारात तर ९ सप्टेंबर १९४२ला गोळीबारात हुतात्मा झालेला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती आठवतात. संगणकाने ‘बेचाळीस’ म्हटल्यावर तिथे मान खाली जाते. विनोद पडतो, आणि पडणं योग्यच आहे. इथे एकच गोष्ट करायची : आकडा इंग्रजीतच ठेवायचा, ‘फोर्टी-टू’. संगणक आहे, इंग्रजीत बोलला तर कुणाला खटकत नाही. आधी पंचाहत्तर लाख वर्षांची वाट, जमलेली गर्दी, उत्तर द्यायला टाळणारा संगणक हे सावकाश वाचा, आकडा सांगा, आणि मग पुस्तक खाली ठेवून तीन-चार सेकंद काहीच बोलू नका.

जयंत नारळीकरांच्या कथांवर वाढलेला मराठी वाचक विज्ञानकथेत विज्ञान शोधतो. त्याला इथे कमी सापडेल. झेफॉडने पळवलेलं जहाज ज्या ‘अशक्यतेच्या’ यंत्रावर चालतं त्यामागे संभाव्यतेचं गणित नावापुरतं आहे. अशा वाचकाला आधीच सांगून ठेवलं की हे यंत्र कथेच्या सोयीसाठी आहे, तर तो चिडत नाही आणि दहाव्या प्रकरणातला त्या यंत्राच्या शोधाचा इतिहास आवडीने वाचतो.

प्रकरणं ३५, पानं साधारण दोनशे. इंग्रजी सलग वाचलं तर सहा तासांच्या आसपास लागतात. मराठीत समजावत वाचायला नऊ-दहा तास धरावेत. पहिली बैठक तिसऱ्या प्रकरणापर्यंत, दुसरी आठव्यापर्यंत, तिसरी देवमासा आणि फुलांच्या कुंडीच्या अठराव्या प्रकरणापर्यंत, चौथी डीप थॉटच्या उत्तरापर्यंत, पाचवीत उरलेलं. दुसरी आणि तिसरी यांत आठवड्याहून जास्त अंतर पडू देऊ नका, नावं विसरतात. कथेतल्या मार्गदर्शक पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच्या ‘डोन्ट पॅनिक’ या दोन मोठ्या शब्दांसाठी ‘घाबरू नका’ हे आदरार्थी रूप कोरडं पडतं. ‘घाबरू नको भो’ म्हणा.

शेवटच्या बैठकीला मात्र एक अडचण ठरलेली आहे. कादंबरीत रेडिओमालिकेच्या पहिल्या चार भागांचाच मजकूर आहे, त्यामुळे ती संपत नाही, थांबते. पात्रं जेवायला निघतात आणि पान संपतं. ‘एवढंच?’ असा प्रश्न येतोच. ते जेवणाचं ठिकाण १९८०च्या दुसऱ्या भागात आहे, तेव्हा त्या संध्याकाळी दुसरा भाग हाताशी असू द्या आणि त्याचं पहिलं प्रकरण लगेच, उठायच्या आत वाचा.